गुंफलेल्या फितीचा अधिकारी : चार्ल्स लाइटोलर यांची दोन महायुद्धे

ब्रिटिश आरमाराच्या राखीव दलातील अधिकारी त्याच्या बाहीवरून ओळखू येई. कायम सेवेतल्या अधिकाऱ्याच्या मनगटाभोवतीची सोनेरी फीत सरळ असे. राखीव दलातल्या अधिकाऱ्याची फीत म्हणजे दोन बारीक फिती एकमेकींत गुंफून केलेली साखळी. १९०३ मध्ये स्वयंसेवकांचे आणखी एक राखीव दल निघाले, त्याची फीत नागमोडी ठेवण्यात आली. फरक दिसायला कपड्यांचा होता, पण त्यावरून माणूस कुठून आला ते कळत असे. सरळ फितीचा अधिकारी लहानपणापासून आरमारातच वाढलेला असे. नागमोडी फितीचा अधिकारी एरवी वकील, कारकून किंवा हौशी नाविक असे. गुंफलेल्या फितीचा अधिकारी हा मात्र पोटासाठी समुद्रावर राहणारा, व्यापारी जहाजांवरचा पट्टीचा दर्यावर्दी.

हे दल, म्हणजे 'रॉयल नेव्हल रिझर्व्ह', १८५९ च्या कायद्याने उभे राहिले. बंदरातून माणसे जबरदस्तीने पकडून युद्धनौकांवर नेण्याची जुनी रीत तोवर मागे पडली होती आणि युद्ध उद्भवले तर शिकलेले खलाशी आणायचे कुठून, हा प्रश्न उभा होता. व्यापारी जहाजांवरच्या आणि मासेमारीच्या माणसांना शांततेच्या काळात थोडे लष्करी शिक्षण द्यायचे, मानधन द्यायचे आणि युद्ध सुरू होताच बोलावून घ्यायचे, असा त्यावर तोडगा निघाला. दल प्रथम खलाशांसाठी होते, काही वर्षांतच अधिकाऱ्यांनाही त्यात घेण्यात आले. ज्या व्यापारी जहाजाचा कप्तान राखीव दलाचा असे आणि ज्यावर त्या दलाची पुरेशी माणसे असत, त्या जहाजाला नेहमीच्या लाल निशाणाऐवजी निळे निशाण लावण्याचा मान मिळे. हिंदुस्थानातही पुढे याच धर्तीवर राखीव दल निघाले. मुंबईतल्या 'डफरिन' या शिक्षणनौकेच्या पहिल्या तुकडीतले राम दास कटारी हे दुसऱ्या महायुद्धात या हिंदी राखीव दलात शिरले आणि १९५८ मध्ये स्वतंत्र भारताच्या नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

राखीव दलातल्या अधिकाऱ्याला युद्धात प्रत्यक्ष काय करावे लागे, हे पाहण्यासाठी चार्ल्स हर्बर्ट लाइटोलर यांच्याइतके बोलके उदाहरण क्वचित सापडेल. जगाला ते 'टायटॅनिक'चे वाचलेले सर्वांत वरिष्ठ अधिकारी म्हणून माहीत आहेत. पण ती एका रात्रीची गोष्ट होती. दोन महायुद्धांत मिळून त्यांनी समुद्रावर काढलेली वर्षे त्या रात्रीमागे झाकली गेली आहेत.

लाइटोलर यांचा जन्म ३० मार्च १८७४ रोजी इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात, चोर्ली या गावी, कापड गिरण्यांच्या धंद्यातल्या कुटुंबात झाला. तेराव्या वर्षी ते शिडाच्या जहाजावर उमेदवार म्हणून चढले. १८८९ मध्ये 'होल्ट हिल' हे त्यांचे जहाज हिंदी महासागरातल्या सेंट पॉल या निर्जन बेटावर आपटून फुटले आणि आठ दिवसांनी दुसऱ्या एका जहाजाने वाचलेल्यांना उचलले. दुय्यम अधिकाऱ्याची परीक्षा ते कलकत्त्यात उत्तीर्ण झाले. पुढे कोळसा भरलेल्या जहाजाला लागलेली आग, पश्चिम आफ्रिकेतला हिवताप, कॅनडात सोने शोधण्याची फसलेली धडपड, तिथेच गुरे राखण्याचे काम असे सगळे करून १९०० साली ते 'व्हाइट स्टार लाइन' या कंपनीत स्थिरावले. वयाच्या पंचविशीत त्यांनी जहाजफुटी, आग आणि उपासमार तिन्ही पाहिली होती. आरमाराच्या शाळेत मिळणारे हे शिक्षण नव्हते. युद्धात त्याचाच उपयोग झाला.

'टायटॅनिक'च्या रात्रीतली एकच गोष्ट इथे सांगायला हवी. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे जहाज बुडाल्यावर लाइटोलर एका उलट्या पडलेल्या होडीच्या पाठीवर चढले. तिच्यावर तीसेक माणसे होती आणि आतली हवा हळूहळू निसटत होती. त्यांनी सगळ्यांना दोन रांगांत उभे केले आणि लाट येईल तसे सर्वांनी एकदम डावीकडे झुकायचे, उजवीकडे झुकायचे, असे हुकूम देत उजाडेपर्यंत ती होडी पाण्यावर तोलून धरली. वजन आणि तोल यांची ही समज अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा कामी येणार होती.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध जाहीर झाले तेव्हा लाइटोलर 'ओशॅनिक' या जहाजावर होते. १८९९ मध्ये पाण्यात उतरलेले, ७०४ फूट लांबीचे हे प्रवासी जहाज एके काळी जगातले सर्वांत लांब जहाज होते. आरमाराने ते ताब्यात घेतले, त्यावर तोफा बसवल्या आणि स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांच्या आसपास गस्तीला पाठवले. जर्मनीकडे जाणारा माल अडवायचा आणि संशयित माणसे तपासायची, हे तिचे काम. लाइटोलर यांच्यासारखे तिचे अधिकारी राखीव दलाचे असल्यामुळे त्यांनी जहाज बदलले नाही, जहाजानेच गणवेश बदलला.

या बदलात एक घोटाळा मुळातच दडलेला होता. 'ओशॅनिक'वर आता दोन कप्तान होते. हुकूम आरमाराचे कॅप्टन विल्यम स्लेटर यांचा. पण जहाजाचे नेहमीचे कप्तान हेन्री स्मिथ हेही राखीव दलाचे अधिकारी म्हणून बोटीवरच राहिले. स्मिथ जहाज जाणत होते, पण अधिकार स्लेटर यांच्याकडे होता. सतरा हजार टनांचे हे धूड खडकाळ बेटांच्या गर्दीत फिरवणे स्मिथ यांना धोक्याचे वाटत होते. ७ सप्टेंबरच्या रात्री जहाजाच्या जागेची गणना तेरा-चौदा मैलांनी चुकली. फूला बेटाच्या नैर्ऋत्येला आहोत असे सगळे समजत होते आणि जहाज होते बेटाच्या पलीकडच्या बाजूला. सकाळी स्मिथ यांनी खुल्या समुद्राकडे, म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे पश्चिमेला, जहाज वळवायला सांगितले. दिशा बदलल्याचे जाणवून स्लेटर वर आले आणि त्यांनी तो हुकूम फिरवला. ८ सप्टेंबर १९१४ रोजी, समुद्र शांत असताना, 'ओशॅनिक' फूलाजवळच्या 'शाल्ड्स' या बुडालेल्या खडकावर चढली. माणसे सगळी वाचली. जहाज मात्र निघाले नाही आणि महिनाअखेरीच्या एका वादळानंतर ते पाण्यावर दिसेनासे झाले. ते खडकावर चढले तेव्हा युद्ध सुरू होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते.

लष्करी न्यायालयात दोन्ही कप्तान सुटले. ठपका बसला तो मार्गदर्शक अधिकारी डेव्हिड ब्लेअर यांच्यावर. हे ब्लेअर म्हणजे 'टायटॅनिक'वरून शेवटच्या क्षणी उतरवलेले दुसरे अधिकारी. त्यांच्या जागी त्या पदावर लाइटोलर आले होते. एकाच जहाजावर दोन हुकूमदार ठेवण्याची चूक ज्यांनी केली ते या चौकशीत कुठेच नव्हते आणि शिक्षा सर्वांत खालच्या खांद्यावर टाकली गेली, हे आज वाचतानाही खटकते. मोठी प्रवासी जहाजे युद्धनौका म्हणून वापरण्याचा बेत किती कच्चा होता, हे 'ओशॅनिक'ने पहिल्या काही आठवड्यांतच दाखवून दिले. त्यांची उंच अंगे दुरून दिसत, ती कोळसा अफाट खात आणि अरुंद पाण्यात वळत नसत.

यानंतर लाइटोलर 'कँपानिया' या नौकेवर गेले. हेही जुने प्रवासी जहाज, १८९३ चे, मोडीत निघालेले. आरमाराने ते विकत घेऊन त्याच्या पुढच्या भागावर लांब फळी बांधली आणि तिथून पाण्यावर उतरणारी विमाने उडवण्याचे प्रयोग सुरू केले. विमानवाहू नौकांचे हे अगदी बाळपण होते. लाइटोलर विमानातून निरीक्षक म्हणून उडत. वरून दिसणारी जहाजे ओळखणे, त्यांची दिशा आणि वेग सांगणे यासाठी वैमानिकामागच्या आसनावर मुरलेला दर्यावर्दीच लागे. शिडाच्या जहाजावर डोलकाठी चढायला शिकलेला माणूस चाळिशी ओलांडल्यावर कापड आणि लाकडाच्या विमानात बसून समुद्र न्याहाळत होता.

१९१५ च्या अखेरीस त्यांना स्वतःची पहिली नौका मिळाली, 'एचएमटीबी ११७' ही पाणतीर सोडणारी छोटी बोट. या बोटी दशकभर जुन्या झाल्या होत्या आणि मोठ्या ताफ्यात त्यांना जागा नव्हती. म्हणून किनाऱ्याची राखण, गस्त आणि सोबत अशी कामे त्यांच्याकडे असत. राखीव दलाच्या अधिकाऱ्याला नौका मिळे ती बहुधा अशीच. नवी, वेगवान जहाजे सरळ फितीवाल्यांना, आणि थकलेली, गळकी, खोल समुद्रात न पाठवण्याजोगी जहाजे गुंफलेल्या फितीवाल्यांना. युद्धाचे रोजचे ओझे मात्र याच जहाजांनी वाहिले.

३१ जुलै १९१६ च्या रात्री थेम्स नदीच्या मुखापाशी या बोटीची गाठ जर्मनीच्या 'एल ३१' या झेपेलिन हवाई जहाजाशी पडली. त्याचा कमांडर हाइनरिश माथी हा झेपेलिनच्या कमांडरांत सर्वांत नावाजलेला. लाइटोलर यांनी हॉचकिस तोफेचा मारा केला आणि झेपेलिन वर चढून निघून गेले. ते पडले नाही. पण लहानशा बोटीने त्याला तोंड फिरवायला लावले, याबद्दल लाइटोलर यांना 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस' हे पदक मिळाले. 'एल ३१' पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला लंडनच्या उत्तरेला एका विमानाने पाडले आणि माथी त्यात मेला.

पदकाबरोबर बढतीही आली. 'फाल्कन' या विनाशिकेचा हुकूम त्यांच्याकडे देण्यात आला. 'फाल्कन' पाण्यात उतरली होती १८९९ मध्ये, म्हणजे 'ओशॅनिक'च्याच वयाची. ती डोव्हरच्या गस्ती ताफ्यात होती. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या चिंचोळ्या खाडीतून सैन्य, दारूगोळा आणि जखमी यांची रोजची ये-जा चाले. ती सुरक्षित ठेवायची आणि जर्मन पाणबुड्यांना त्या वाटेने अटलांटिककडे जाऊ द्यायचे नाही, हे या ताफ्याचे काम. सुरुंग, जाळी, रात्रीचे दिवे, धुके, दोन्ही बाजूंच्या वाळूच्या दांड्या आणि सतत बदलणारे प्रवाह यांत कंटाळा आणि धोका हातात हात घालून चालत. १ एप्रिल १९१८ रोजी उत्तर समुद्रात जहाजांच्या काफिल्याची सोबत करत असताना 'जॉन फिट्झजेराल्ड' या ट्रॉलरशी 'फाल्कन'ची टक्कर झाली आणि ती बुडाली. लाइटोलर सर्वांत शेवटी उतरले. लष्करी न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले.

जहाज गमावलेल्या कप्तानाची चौकशी होणे हा आरमाराचा जुना नियम आहे आणि तीत सुटणारा माणूस कमी दर्जाचा मानला जात नाही. लाइटोलर यांना लगेचच दुसरी विनाशिका मिळाली. १९०५ मध्ये पाण्यात उतरलेली 'गॅरी'. तिच्यावर त्यांच्या युद्धसेवेतला सर्वांत मोठा विजय घडला, आणि त्यांच्या नावावर सर्वांत गडद सावली पडली तीही तिच्यावरच.

१९१७ मध्ये ब्रिटनने व्यापारी जहाजे एकेकटी न पाठवता काफिल्यांनी न्यायला सुरुवात केली. त्याआधी पाणबुड्यांनी देशाला उपासमारीच्या काठावर आणले होते. काफिल्यामुळे पाणबुडीला जहाजे शोधणे अवघड झाले, आणि सापडलीच तर सोबतच्या विनाशिकांशी सामना करावा लागू लागला. १९ जुलै १९१८ रोजी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ अशाच एका काफिल्यावर 'यूबी ११०' ही जर्मन पाणबुडी चाल करून आली. तिचा कमांडर व्हर्नर फ्युरब्रिंगर अनुभवी होता, पाणबुडी मात्र त्याच वर्षी मार्चमध्ये सेवेत आलेली. काफिल्याच्या रक्षक बोटींनी तिच्यावर पाण्याखाली फुटणारे डेप्थ चार्ज टाकले. खाली टिकणे अशक्य झाल्यावर ती वर आली आणि 'गॅरी' सरळ तिच्या अंगावर गेली. धडकेने पाणबुडी बुडाली. 'गॅरी'चे पुढचे टोकही इतके चिरडले की पुढे चालली असती तर पाण्याच्या दाबाने आतले पडदे फुटले असते. तेव्हा लाइटोलर यांनी तिला सुमारे शंभर मैल उलटी, मागच्या बाजूने चालवत बंदरात आणले. यंत्रापेक्षा हाताच्या सवयीवर अधिक अवलंबून असलेले हे काम होते. मागे चालणाऱ्या जहाजाला सुकाणू नीट जुमानत नाही. या लढतीबद्दल त्यांना त्याच पदकाचा दुसरा मान मिळाला आणि ते लेफ्टनंट कमांडर झाले.

बुडालेली 'यूबी ११०' त्याच वर्षी वर काढून टाइन नदीकाठच्या वॉल्सएंडच्या गोदीत आणली गेली. तिथे तिच्या आतल्या भागाची घेतलेली छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत. झडपा, चाके, नळ्या, दाबमापके यांच्या त्या गर्दीत माणसाला उभे राहायला कुठे जागा असेल, असा प्रश्न पडतो.

फ्युरब्रिंगर वाचला आणि कैद झाला. १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत त्याने आरोप केला की पाणबुडी बुडाल्यावर पाण्यात पोहत असलेल्या निःशस्त्र माणसांवर 'गॅरी'वरून पिस्तुले आणि यंत्रबंदुका चालवल्या गेल्या, आणि काफिल्यातली तटस्थ देशांची जहाजे जवळ येताच गोळीबार थांबला. दोनच वर्षांनी लाइटोलर यांचे आत्मचरित्र आले. हात वर करून शरण येणे आपण मानले नाही, पाणबुडीच्या युद्धाबद्दल आपल्याला किळस होती, अशा अर्थाचे ते लिहून गेले आणि तपशिलात शिरले नाहीत. दोन्ही लेखन एकमेकांशेजारी ठेवले तर फ्युरब्रिंगरचा प्रत्येक शब्द सिद्ध होत नाही. पण लाइटोलर यांच्या बाजूने स्पष्ट नकारही उभा राहत नाही.

त्या उन्हाळ्यातले वातावरण ध्यानात घ्यावे लागते. 'गॅरी'च्या लढतीच्या तीन आठवडे आधी, २७ जून १९१८ रोजी, 'यू ८६' या जर्मन पाणबुडीने 'लँडोव्हरी कॅसल' हे रुग्णालय-जहाज बुडवले होते आणि वाचलेल्यांच्या होड्यांवर गोळीबार केला होता. दोनशे चौतीस माणसे मेली, चोवीस वाचली. व्यापारी जहाजांवर आयुष्य काढलेल्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीने पाणबुड्यांनी बुडवलेली माणसे परकी नव्हती. ते त्यांचे जुने सोबती होते, एकाच बोटीवर जेवलेले. राखीव दलातल्या माणसाचा राग कायम सेवेतल्या अधिकाऱ्याहून अधिक खासगी का असे, त्याचे कारण इथे सापडते. राग समजतो, पण पाण्यात पडलेल्या माणसावर गोळी झाडणे त्यामुळे क्षम्य ठरत नाही. 'लँडोव्हरी कॅसल'चा खटला १९२१ मध्ये लायपझिगच्या न्यायालयात चालला आणि दोघा जर्मन अधिकाऱ्यांना शिक्षा झाली. 'यूबी ११०'चे प्रकरण कोणत्याही न्यायालयासमोर आले नाही. विजेत्याच्या जहाजाची चौकशी करणारे कोणी नव्हते. उलट्या होडीवरच्या तीस माणसांना रात्रभर जगवणारा हाच माणूस होता, म्हणून चरित्रकारांनी हे पान भराभर उलटू नये.

युद्ध संपल्यावर लाइटोलर राखीव दलातून कमांडर या हुद्द्याने बाहेर पडले आणि 'व्हाइट स्टार'मध्ये परतले. तिथे युद्धातल्या हुद्द्याला किंमत नव्हती. 'टायटॅनिक'च्या वाचलेल्या अधिकाऱ्यांपैकी कोणालाही व्यापारी जहाजाचे कप्तानपद कधी मिळाले नाही आणि लाइटोलर त्याला अपवाद ठरले नाहीत. आरमाराने ज्यांच्या हाती तीन नौका सोपवल्या, त्यांना कंपनीने एकही दिली नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी त्यांनी नोकरी सोडली. पाहुण्यांसाठी घर चालवणे, कोंबड्या पाळणे, जागांची खरेदी-विक्री असे उद्योग त्यांनी पत्नी सिल्व्हिया यांच्यासह केले.

१९२९ मध्ये त्यांनी आरमाराने टाकून दिलेली, १९१२ साली बांधलेली एक वाफेची होडी विकत घेतली. तिची लांबी वाढवून ५८ फूट केली, मोटर इंजिन बसवले आणि तिची हौशी सफरीची नौका केली. नाव सुचवले मूळच्या ऑस्ट्रेलियन असलेल्या सिल्व्हिया यांनी, 'सनडाउनर'. सूर्य मावळता मावळता एखाद्या वाडीवर जेवण आणि निवारा मागायला येणाऱ्या भटक्याला ऑस्ट्रेलियात सनडाउनर म्हणतात. कुटुंब तिच्यातून युरोपच्या किनाऱ्याने हिंडत असे.

जुलै १९३९ मध्ये आरमाराने त्यांना एक गुप्त काम दिले. 'सनडाउनर' घेऊन जर्मनीच्या किनाऱ्याने जायचे आणि किनारा व बंदरे यांची नोंद करून आणायची. सुटीवर निघालेल्या म्हाताऱ्या जोडप्यावर कोण संशय घेणार? पासष्टी गाठलेले लाइटोलर आणि सिल्व्हिया त्या सोंगात गेले आणि काम करून परतले. दोन महिन्यांत युद्ध सुरू झाले. त्यांचा धाकटा मुलगा ब्रायन विमानदलात वैमानिक होता. युद्धाच्या पहिल्याच हल्ल्यात, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, जर्मनीतल्या व्हिल्हेल्म्सहाफेन बंदरावर बॉम्ब टाकताना तो मारला गेला.

मे १९४० च्या अखेरीस फ्रान्समधले ब्रिटिश सैन्य डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकले. तिथला उतार इतका मंद आहे की मोठी जहाजे किनाऱ्यापासून दूर थांबतात. शिपाई गळ्याइतक्या पाण्यात रांगा लावून उभे होते. त्यांना उचलून मोठ्या जहाजांपर्यंत न्यायला उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्या हव्या होत्या. म्हणून थेम्स नदीवरच्या आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या खासगी नौका गोळा करण्यात आल्या. ३१ मे रोजी लाइटोलर यांना निरोप आला की 'सनडाउनर' रॅम्सगेट बंदरात आणून द्यावी, आरमाराची माणसे ती पुढे नेतील. बोट जाणार असेल तर ती आपणच नेऊ, असे त्यांनी कळवले. तोवर त्यांनी आरमारातून निवृत्ती घेतली होती आणि वय होते ६६.

१ जूनच्या सकाळी दहा वाजता 'सनडाउनर' रॅम्सगेटहून निघाली. तिच्यावर तिघेच होते. लाइटोलर, थोरला मुलगा रॉजर, आणि अठरा वर्षांचा सागरी बालवीर जेराल्ड अॅशक्रॉफ्ट. वाटेत 'वेस्टर्ली' ही मोटरबोट जळताना दिसली. तिच्यावरच्या पाच जणांना त्यांनी उचलून घेतले. तो दिवस डंकर्कच्या समुद्रावरचा अतिशय वाईट दिवस होता. 'कीथ', 'बॅसिलिस्क' आणि 'हॅवंट' या तीन ब्रिटिश विनाशिका त्या एका दिवसात जर्मन विमानांनी बुडवल्या. डंकर्कला पोचल्यावर लाइटोलर यांनी 'सनडाउनर' 'वूस्टर' या विनाशिकेला लावली आणि तिच्यावरून शिपाई घ्यायला सुरुवात केली.

'सनडाउनर'वर तोवर एका वेळी एकवीसपेक्षा जास्त माणसे कधी चढली नव्हती. रॉजर खाली उतरला आणि शिपायांना एकमेकांना चिकटून निजवू लागला. केबिन, स्वयंपाकाची जागा, न्हाणीघर, सगळे भरले. मग वरच्या फळीवर माणसे घेतली. एकूण १३० झाली तेव्हा बोट जड आणि डळमळीत वाटू लागल्याने लाइटोलर यांनी हात आखडला. ओझे तरंगते की नाही एवढाच हा हिशेब नव्हता. वर किती, खाली किती, आणि सगळे एका कुशीवर वळले तर काय होईल, हे त्यांना कळत होते. परतीच्या वाटेवर विमाने हल्ले करत होती. वैमानिक नेम कधी धरतो, मारा सुरू करण्याआधी विमानाचे नाक कसे हलते आणि होडीने नेमके केव्हा वळायचे, याविषयी ब्रायनने घरी गप्पांत सांगितलेले त्यांना आठवत होते. शेवटच्या क्षणापर्यंत सरळ जायचे आणि मग सुकाणू पूर्ण फिरवायचे, ही युक्ती त्यांनी पुन्हा पुन्हा वापरली. मेलेल्या मुलाने दिलेल्या माहितीवर १३० जणांची बोट वाचत होती. दुसरी काळजी होती शेजारून वेगाने जाणाऱ्या विनाशिकांच्या लाटांची. एक उंच लाट आडवी आली असती तर वरचे सगळे पाण्यात गेले असते.

रॅम्सगेटला धक्क्याला लागताच सुटकेच्या आनंदात शिपाई एकदम उठू लागले आणि बोट कलली. उतरायला सांगेपर्यंत सगळ्यांनी आडवे राहावे, असे लाइटोलर यांनी बजावले. १९१२ च्या त्या उलट्या होडीवर ज्याने तोल सांभाळला होता, त्यालाच हे इतक्या चटकन सुचणार. एवढ्याशा बोटीतून निघणारी माणसे संपता संपत नाहीत, हे पाहून धक्क्यावरचे लोक चकित झाले. लाइटोलर यांचा दुसरा मुलगा ट्रेव्हर सैन्यात होता. वडील त्यालाही शोधायला निघाले होते, पण तो दोन दिवस आधीच डंकर्कहून सुखरूप परतला होता.

डंकर्कच्या छोट्या बोटींची कहाणी सांगताना हौशी नागरिकांनीच सैन्य वाचवले, असे चित्र रंगवले जाते. ते खरे नाही. २६ मे ते ४ जून या काळात बाहेर काढलेल्या ३,३८,२२६ माणसांपैकी सुमारे २,३९,००० बंदराच्या धक्क्यावरून निघाली आणि त्यांतली बहुसंख्य विनाशिकांनी व मोठ्या जहाजांनी नेली. किनाऱ्यावरून उचललेली सुमारे ९९,०००. छोट्या बोटींपैकीही बऱ्याच आरमाराच्या आणि राखीव दलाच्या माणसांनी चालवल्या, मालकांनी नव्हे. मालकाने स्वतः नेलेल्या थोड्या बोटींत 'सनडाउनर' होती, आणि तिचा मालक नवशिका नव्हता. चार वर्षे डोव्हरच्या पाण्यात आणि उत्तर समुद्रात घालवलेला तो कमांडर होता. वाळूच्या दांड्या, प्रवाह आणि भरती-ओहोटी त्याला जशी पाठ होती, तशी ती नवख्या हौशी माणसाला असणे शक्य नव्हते.

डंकर्कनंतर लाइटोलर काही काळ गृहरक्षक दलात होते. नंतर आरमाराने त्यांना लहान नौका एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवणाऱ्या पथकात घेतले. हे काम दिसायला किरकोळ, पण युद्धाच्या दृष्टीने आवश्यक होते. नव्या बांधलेल्या किंवा दुरुस्त झालेल्या शेकडो लहान बोटी किनाऱ्याने हलवाव्या लागत आणि त्यासाठी तरुण अधिकारी सोडता येत नसत. सत्तरीला आलेले, निवृत्त झालेले दर्यावर्दी हे काम करत. लाइटोलर ते १९४६ पर्यंत करत राहिले. 'सनडाउनर'ही सैन्याच्या ताब्यात किनारपट्टीवर गस्त घालत होती. मार्च १९४५ मध्ये, युरोपातले युद्ध संपायला दोन महिने उरले असताना, चॅनेल बेटांवरच्या जर्मन तुकडीने फ्रान्सच्या ग्रानव्हिल बंदरावर अचानक छापा घातला. त्यात रॉजर मारला गेला. पाच मुलांपैकी दोघे या युद्धात गेले, एक पहिल्या आठवड्यात आणि दुसरा शेवटच्या महिन्यांत.

युद्धानंतर लाइटोलर यांनी लंडनजवळ थेम्सकाठी, ट्विकनहॅमला, होड्या बांधण्याची छोटी गोदी चालवली. तिथे लंडनच्या नदी-पोलिसांसाठीही मोटरबोटी तयार होत. ८ डिसेंबर १९५२ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या आठवड्यात लंडनवर कोळशाच्या धुराचे दाट धुके पसरले होते आणि त्याने हजारो आजाऱ्यांचा बळी घेतला. 'सनडाउनर' सिल्व्हिया यांच्याकडे राहिली, पुढे अनेक हातांतून गेली आणि अखेर रॅम्सगेटच्या सागरी संग्रहालयाच्या ताब्यात आली. डंकर्कचे शिपाई जिथे उतरले, त्याच बंदरात ती ठेवण्यात आली.